पाल पाळताय? पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काय करायचं

इंग्लंडला आल्यावर मुलीच्या हट्टापायी घरात लेपर्ड गेको आली. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, "आई, पाल पाळलीय." पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "पाळलीय की घरात शिरलीय?" त्यांच्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याची यादी असते. पाल विकत आणून तिच्या अंड्यांसाठी उबवणी यंत्र घेतल्याचं फळ मात्र त्या यादीत नाही.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे बरीच पिल्लं अंड्यातून बाहेर आली, आणि ज्यांच्याकडे पहिल्यांदाच पिल्लं येतात त्यांचे प्रश्न दरवेळी तेच असतात. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय. अंडी उबवण्याबद्दल इथे फारसं नाही. अंडं फुटण्याच्या दिवसापासून पहिले तीन-चार महिने, एवढंच.

आधी प्राणी समजून घ्या

लेपर्ड गेको, म्हणजे यूब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, ही पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या कोरड्या, खडकाळ भागातली पाल. तिच्या नावातच 'चांगली पापणी' हा अर्थ आहे. आपल्या भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिला पापण्या आहेत आणि ती चक्क डोळे मिटून झोपते. बोटांना चिकट गाद्या नसल्यामुळे ती काचेवर किंवा भिंतीवर चढू शकत नाही. अंडंही वेगळं. भिंतीवरच्या पालीची अंडी कॅलेंडरच्या मागे सापडतात ती गोल, पांढरी, टणक. हिची लांबट आणि मऊ, ओल्या चामड्यासारखी. एका वेळी बहुधा दोन. विषारी दोघीही नाहीत.

भारतात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. हिचीच एक बहीण, यूब्लेफॅरिस फस्कस, महाराष्ट्र आणि गुजरातच्या कोरड्या टेकड्यांमध्ये राहते, आणि सातपुड्यातल्या दुसऱ्या एका बहिणीची नोंद शास्त्रात २०१४ मध्ये झाली. दिसायला या सगळ्या इतक्या सारख्या की 'परदेशी' म्हणून रानातलीच पाल गळ्यात मारली जाऊ शकते. रानातली पाल किंवा घोरपड उचलून घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये मोठे बदल झाले असून काही परदेशी प्राण्यांची नोंदणीही आता बंधनकारक आहे. कुठलाही प्राणी घेण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा आणि कागद हातात घ्या. कागद देत नसेल त्याच्याकडून प्राणीही घेऊ नका.

अंडं फुटताना: हात मागे

फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी अंडं थोडं चेपल्यासारखं दिसतं, कधी त्यावर घामासारखे थेंब येतात. मग पिल्लू वरच्या जबड्याच्या टोकावरच्या इवल्याशा दातांनी कवच चिरतं, डोकं बाहेर काढतं आणि तसंच थांबतं. तासन् तास. नवीन माणसाचा धीर नेमका इथे सुटतो. "अडकलंय बिचारं" म्हणत चिमटा घेऊन कवच सोलायला जाऊ नका. त्या वेळात पिल्लू पोटाशी उरलेला बलक शोषून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकत असतात. ओढून काढलंत तर रक्तस्राव होऊ शकतो.

बाहेर आल्यावरही ते साधारण एक दिवस उबवणीच्या डब्यातच राहू द्या. पोटाखाली बलकाची पिवळी पिशवी लोंबताना दिसली तर ती आपोआप आत जाईपर्यंत त्याला हलवू नका; खाली फक्त ओलसर टिश्यू असू द्या. जोडीचं दुसरं अंडं त्याच दिवशी फुटेलच असं नाही. ते आहे तसंच ठेवा, फिरवू नका.

नवजात पिल्लू साधारण ८ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम ३ ग्रॅमचं असतं. अंगावर ठिपके नसतात, काळे-पिवळे पट्टे असतात. ठिपके पुढे मोठेपणी येतात. घाबरलं की चारही पाय ताठ करून, पाठ उंचावून, तोंड उघडून किंचाळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं झाकण खाली पडलं होतं. एवढ्याशा जिवाच्या त्या आवेशाचं कौतुक दुरूनच करा.

घर तयार हवं, तेही आधीच

अंडी उबत असताना तुमच्याकडे महिना-दोन महिने असतात. पिल्लाचं घर त्याच काळात लावून, चार-पाच दिवस चालवून, तापमान बघून ठेवा. पिल्लू हातात आल्यावर दुकानात धावाधाव करणाऱ्यांपैकी एके काळी मीही होते.

मोठ्या टाकीची गरज नाही. फार मोठ्या जागेत पिल्लाला किडे सापडत नाहीत आणि ते बिचकून एका कोपऱ्यात बसून राहतं. साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचा, झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा पुरतो; झाकणाला आणि बाजूंना भरपूर भोकं पाडा. तळाला किचन टिश्यूचे दोन थर. वाळू नको. "वाळवंटातली पाल आहे ना, मग वाळू घालू" हा मोह सगळ्यांना होतो, पण पिल्लू किड्यावर झडप घालताना वाळूही गिळतं आणि ती आतड्यात अडकते. टिश्यूचा आणखी एक फायदा म्हणजे शी कुठे केली, कशी केली, हे लगेच दिसतं.

डब्यात लपायच्या तीन जागा हव्यात: एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला आणि मधली ओलसर. पहिल्या दोन जागांना टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी अर्धी कापून चालते. ओलसर जागेसाठी दह्याचा छोटा डबा घ्या, एका बाजूला दार कापून कडा घासून गुळगुळीत करा आणि आत ओला करून पिळलेला टिश्यू किंवा स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) ठेवा. कात टाकायला ही जागा फार महत्त्वाची. पाण्यासाठी बाटलीचं बूच. त्याहून खोल काहीही नको.

एका डब्यात एकच पिल्लू. दोघं भावंडं आहेत, एकमेकांना सोबत होईल, हा माणसांचा विचार आहे. पालींना सोबत नको असते. एक पिल्लू उबदार जागा आणि किडे बळकावतं, दुसरं खंगत जातं, आणि एखाद्या रात्री एकाची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात दिसते.

ऊब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पाल स्वतःची उष्णता तयार करत नाही. पोटातलं अन्न पचवायलाही तिला बाहेरची ऊब लागते. पिल्लाने भरपूर खाल्लं पण डबा थंड असेल तर ते अन्न पोटातच कुजतं. म्हणून डब्याच्या एका टोकाला पृष्ठभागाचं तापमान ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश हवं. पिल्लू आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातं. रात्री थोडं उतरलं तरी चालतं, पण २० च्या खाली नको. इथल्या हिवाळ्यात रात्री हीटिंग बंद झालं की घर १६-१७ वर येतं, आणि ज्याने ते गृहीत धरलं नाही त्याचं पिल्लू सकाळी दगडासारखं गार सापडतं.

सोपा मार्ग म्हणजे डब्याच्या खाली, बाहेरून, तळाचा साधारण एक तृतीयांश भाग झाकेल एवढी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई. संपूर्ण तळाखाली घातलीत तर पिल्लाला पळायला थंड जागाच उरत नाही. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरावीक ठेवणारं उपकरण, हवाच. थर्मोस्टॅटशिवाय मॅट ४० च्या पुढे सहज जाते, पोट भाजतं, आणि पालीला पोटाखालची जळजळ वेळेवर कळतेच असं नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅटच्या बरोबर वर चिकटवून पक्का करा. तो सरकून थंड बाजूला गेला तर थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, आणि मॅट तापतच राहते. माझ्याकडे एकदा हे झालं होतं. पिल्लू थंड कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसलेलं दिसलं म्हणून लक्षात आलं, आणि ते वाचलं. तेव्हापासून सेन्सरवर टेप आणि शेजारी वेगळा डिजिटल थर्मामीटर, दोन्ही असतात. 'हीट रॉक' नावाचे वीजेवर तापणारे दगड मिळतात. ते घेऊ नका.

दिव्यांबद्दल मतं वेगवेगळी आहेत. ही पाल संध्याकाळी आणि पहाटे फिरणारी, त्यामुळे यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या) दिव्याशिवायही पिढ्यान् पिढ्या वाढवली गेली आहे. पण सौम्य यूव्हीबी मिळाला तर तिचं शरीर डी-३ जीवनसत्त्व स्वतः बनवतं, आणि मी आता लावते. लावलात तर कमी तीव्रतेचा, सावलीत राहणाऱ्या प्राण्यांसाठीचा घ्या आणि लपायच्या जागा भरपूर ठेवा. फिकट रंगाच्या जातींचे डोळे नाजूक असतात, त्यांच्या बाबतीत जपून.

पहिली कात आणि पहिला घास

पहिले दोन-तीन दिवस पिल्लू काहीही खात नाही. बलकाची शिदोरी त्याच्या पोटात असते. या काळात त्याच्यासमोर किडे सोडून काही फायदा नाही, उलट किडेच त्याला त्रास देतात. मग एक दिवस पिल्लू पांढरट, धुरकट दिसायला लागतं आणि पहिली कात टाकतं. बहुतेक वेळा ती कात ते स्वतःच खाऊन टाकतं, त्यामुळे "कात टाकलीच नाही" असं वाटेल. रंग पुन्हा लख्ख झाले की समजा काम झालं.

आता जेवण. ही पाल पूर्णपणे कीटकभक्षी आहे. गाजर, पालक, फळं, काहीही चालत नाही. आमचं घर शाकाहारी आहे, पण हिला श्रावणातही किडेच लागतात. ज्याला घरात जिवंत किड्यांचा डबा चालणार नाही, त्याने ही पाल घेण्याचा विचार इथेच सोडावा.

किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको. दुकानात रातकिडे आकाराप्रमाणे मिळतात. सुरुवातीला सगळ्यात छोट्याच्या वरचा आकार बहुधा बरोबर बसतो. छोटे मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) आणि डुबिया जातीच्या झुरळांची पिल्लंही चालतात. बागेतले किडे पकडून घालू नका, त्यांच्यावर कुठलं औषध फवारलंय ते कळत नाही. काजवा तर कधीच नाही. काजव्यात पालींना मारणारं विष असतं, आणि एखाददुसरा काजवाही जिवावर बेतू शकतो.

रोज संध्याकाळी पाच-सहा किडे द्या. पंधरा मिनिटांत संपवले तर उद्या एखाद-दुसरा जास्त. उरलेले रातकिडे मात्र त्याच रात्री बाहेर काढा, कारण भुकेले रातकिडे झोपलेल्या पिल्लाला चावतात. पहिल्या खेपेला मी "भूक लागेल तसं खाईल" म्हणून वीसेक सोडले होते. सकाळी पिल्लू नळीच्या आत आणि रातकिडे नळीच्या वर. मीलवर्म गुळगुळीत वाटीत ठेवले तर बाहेर येत नाहीत, ते रात्रभर राहिले तरी चालतात.

आता कॅल्शियम. किड्यांमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं. पालीला हवं असतं बरोबर उलट. कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढतं. आधी जबडा मऊ पडतो, मग पाय वाकतात, चालताना थरथर होते. वाढत्या वयात हे काही आठवड्यांत घडू शकतं, आणि वाकलेलं हाड नंतर सरळ होत नाही. उपाय अगदी साधा आहे. किडे एका पिशवीत घाला, चिमूटभर कॅल्शियम पावडर टाका, हलक्या हाताने हलवा. करंजीवर पिठीसाखर भुरभुरतो तेवढाच थर हवा, लाडू घोळवल्यासारखा नको. वाढत्या पिल्लाला हे जवळपास प्रत्येक जेवणाला. डी-३ आणि मल्टिव्हिटॅमिन असलेली पावडर वेगळी असते. ती आठवड्यातून एक-दोनदा, डब्यावरच्या सूचनेप्रमाणे. डी-३ जास्त झालं तर तेही घातक. यूव्हीबी दिवा असेल तर आणखी कमी.

आणि किड्यांनाही जेवू घाला. दुकानातून आणलेला किडा बऱ्याचदा उपाशी असतो, म्हणजे नुसतं टरफल. पालीला देण्याआधी एक दिवस त्यांना गाजर, रताळं, हिरवा पाला, ओट्स असं खायला ठेवा. आमच्या फ्रिजमध्ये किड्यांच्या गाजराचा वेगळा डबा आहे, आणि पाहुण्यांना तो कशाचा हे आम्ही सांगत नाही.

कात टाकल्यावर तीन-चार दिवस खाल्लं नाही तरी घाबरू नका. किडा चिमट्याने धरून त्याच्यासमोर हलकेच हलवा. हललं नाही तर त्यांना ते अन्न वाटतच नाही. तोंड उघडून कोंबू नका. दहा दिवस होऊनही काही खाल्लं नसेल, किंवा शेपटी बारीक होताना दिसली, तर डॉक्टर. शेपटी ही हिची चरबीची कोठी. ती गुबगुबीत असली म्हणजे घरात धान्य आहे असं समजा.

हाताळणं आणि शेपटीचा किस्सा

पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला उचलू नका. साफसफाईसाठी हलवायचं असेल तर त्याला नळीत जाऊ द्या आणि नळीच उचला.

आमच्या पहिल्या पिल्लाचा फोटो व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा होता. चौथ्या दिवशी मी त्याला तळहातावर घेतलं, ते वळवळलं, मी बोटं मिटली, आणि शेपटी माझ्या हातात राहिली. वळवळत. पिल्लू खाली डब्यात. मुलगी रडायला लागली, आणि खरं सांगते, मीही.

असं झालं तर घाबरून मलम लावू नका. रक्त फारसं येत नाही. टिश्यू स्वच्छ ठेवा, रोज बदला, सुटे रातकिडे घालू नका, जेवण थोडं वाढवा. जखम सुजली किंवा काळी पडली तर डॉक्टरांना दाखवा, एरवी एकटं सोडा. साधारण दोन महिन्यांत नवी शेपटी येते. ती पहिल्यासारखी वळ्यावळ्यांची नसते, गुळगुळीत, सलगमासारखी फुगीर असते. आमच्या त्या पिल्लाचं नाव पुढे बोंडकी पडलं.

महिन्यानंतर डब्यात हात नुसता ठेवून बसा, पाचेक मिनिटं. त्याला वाटलं तर ते येईल, चाटून बघेल. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका. त्यांच्या जगात वरून येतो तो शिकारी.

नावाबद्दल एक. बारशाची घाई नको. नर की मादी हे या पालीत अंडं कोणत्या तापमानाला उबलं त्यावर ठरतं: २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर. पण खात्रीने ओळखता येतं ते काही महिन्यांनी, नराच्या मागच्या पायांमधली इंग्रजी व्ही आकाराची छिद्रांची ओळ दिसू लागली की. तोवर आम्ही डब्यांना आकडेच देतो.

रोजचं, आठवड्याचं

रोज पाणी बदला, शी उचला आणि तापमान बघा. शी काळपट-तपकिरी आणि सोबत पांढरा खडूसारखा तुकडा, हे ठीक. ओलसर जागेतला टिश्यू सुकू देऊ नका. आठवड्यातून एकदा डबा धुवा, पण स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. धडधाकट दिसणाऱ्या पालीच्या पोटातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवा. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना लांबच ठेवा. मोठ्या पाली असतील तर आधी पिल्लांचं काम करा, मग मोठ्यांचं, म्हणजे मोठ्यांचा आजार पिल्लांकडे जात नाही.

दर आठवड्याला वजन. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. पिल्लू झाकणाच्या वाटीत ठेवून वजन घ्या आणि वहीत लिहा. आमची पिल्लं साधारण महिन्याभरात दुप्पट झाली. तुमचं थोडं पुढेमागे होईल, पण आकडा दोन आठवडे सलग उतरला तर डोळ्यांना पिल्लू कितीही टवटवीत दिसो, काहीतरी बिघडलंय. तापमान तपासा, मग शीचा नमुना घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा. कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना पालींचं माहीत असतं असं नाही, म्हणून नंबर आधीच शोधून ठेवा.

प्रत्येक कातीनंतर बोटं बघा. बोटांच्या टोकांवर कातीचं कडं अडकून राहिलं तर ते आवळत जातं, रक्त थांबतं आणि बोट गळून पडतं. कोमट पाणी, फक्त पावलं बुडतील एवढंच, त्यात दहा मिनिटं उभं करा आणि ओल्या इअरबडने हळूच घरंगळवत काढा. निघालं नाही तर उद्या पुन्हा. ओढायचं नाही.

तीन-चार महिन्यांनंतर

आता किडे मोठे, आणि जेवण रोजऐवजी एक दिवसाआड. पट्टे तुटून ठिपके व्हायला लागलेले असतात. डबा अपुरा वाटू लागला की मोठ्या टाकीत हलवा, पण जुन्या लपायच्या जागा सोबत न्या. ओळखीचा वास असला की ते लवकर रुळतं.

सगळी पिल्लं ठेवता येत नाहीत. ही पाल नीट सांभाळली तर १५ ते २० वर्षं जगते, म्हणजे दहावीतल्या मुलासाठी घेतली तर त्याच्या लग्नातही असेल. दुसऱ्याला देताना मी तीन गोष्टी विचारते: थर्मोस्टॅट आहे का, किडे कुठून आणणार, आणि तुम्ही सुट्टीत भारतात गेलात की कोण बघणार. तिन्ही उत्तरं पटली तर पिल्लासोबत एक कागद देते. त्यावर जन्मतारीख, दर आठवड्याचं वजन, शेवटची कात कधी टाकली आणि कोणत्या आकाराचे किडे खातं एवढं लिहिलेलं असतं. सोबत त्याच्या ओलसर डबीतला थोडा मॉस, न धुतलेला.